रात्री दोनला जाग येते, म्हणजे लिव्हर बिघडलं का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझं वय 61, राहणार सातारा. तीन-चार महिन्यांपासून रात्री दोनच्या सुमारास जाग येते. घशाशी आंबट येतं, छातीत जळजळतं. उठून थंड दूध घेते, तासाभराने पुन्हा तेच. मुलीने मोबाइलवर चिनी वैद्यकातलं शरीराचं घड्याळ पाठवलं. त्यात रात्री 1 ते 3 ही लिव्हरची वेळ दिलीय. जाऊबाई म्हणतात, तुझं लिव्हर बिघडलंय म्हणूनच नेमकी तेव्हा जाग येते. दोन महिन्यांपूर्वी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी केली, त्यात काही निघालं नाही. त्याच घड्याळात सकाळी 7 ते 9 जठराची वेळ आहे, तेव्हा भरपेट खा असं लिहिलंय. मी पूजा आटोपून दहाला पहिला घास घेते. मुलगा दुकान बंद करून साडेनऊला येतो, मग आमची जेवणं होतात. साडेदहाला मी आडवी होते. काय बदलू?

उत्तर : ताई, लिव्हरची भीती आधी मनातून काढा. तपासण्या चांगल्या आल्या आहेत. जाग किती वाजता येते एवढ्यावरून कुठला अवयव बिघडला हे कुणालाही सांगता येत नाही, चिनी वैद्यालाही नाही.

मी चार वर्षं चीनमधल्या चेंगदू शहरात राहिले. तिथल्या एका वयस्कर वैद्यांच्या ओपीडीत आठवड्यातून दोन सकाळी मागे स्टूल टाकून बसायचे. ते दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघत, जीभ बाहेर काढायला लावत, आणि मग प्रश्न सुरू होत. काल रात्री काय खाल्लं? किती वाजता? शौचाला किती वेळा, पातळ की घट्ट? रागावलात का कुणावर? रात्री जाग येते का, हेही विचारत. पण त्या एका उत्तरावर औषध लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही.

तुमच्याकडे आलेल्या चक्राचं मूळ नाव 'त्झवू ल्यूजू'. त्झ म्हणजे मध्यरात्र, वू म्हणजे मध्यान्ह. दिवसाचे बारा भाग, प्रत्येक दोन तासांचा. 'ची' नावाची प्राणशक्ती पहाटे 3 वाजता फुफ्फुसांच्या मार्गातून निघते आणि रात्री 1 ते 3 लिव्हरच्या मार्गात येऊन फेरी पूर्ण करते, अशी ती कल्पना. सुया टोचणाऱ्या वैद्यांनी कोणत्या वेळी कोणता बिंदू निवडावा, यासाठी तिचा उपयोग होई. शिवाय चिनी शब्द आपल्या अवयवांशी नीट जुळत नाहीत. सकाळी 9 ते 11 च्या खणात 'प्लीहा' छापलेलं असतं. मूळ शब्द 'पी'. खाल्लेल्याचं रूपांतर करून ते शरीरभर पोचवणारी शक्ती, असा त्याचा अर्थ. आपल्या जठराग्नीच्या तो जवळचा आहे. चिनी भाषेत 'कान' म्हणजे लिव्हर, पण त्यात रागही येतो आणि ची मोकळी वाहणंही येतं.

आणखी एक गोष्ट माझ्या चेंगदूतच लक्षात आली. 1949 पासून सगळा चीन एकाच वेळेवर चालतो. चेंगदूचा सूर्य त्या घड्याळाच्या तासभर मागे, डिसेंबरात आठच्या आसपास उगवतो. पश्चिमेला उरुमची तर दोन तासांहून जास्त मागे. तिथे घड्याळात सात वाजतात तेव्हा सूर्यमानाने पाचही झालेले नसतात. मग ती वेळ जठराची की फुफ्फुसांची? हे बारा भाग सूर्यावर मोजलेले होते. साताऱ्यातसुद्धा आपलं घड्याळ सूर्याच्या साधारण 34 मिनिटं पुढे आहे. म्हणून सातच्या ठोक्याला खाल्लंच पाहिजे, हा धाक घेऊ नका.

आता तुम्हाला दोनला जाग का येते, त्याकडे येते. शरीराला घड्याळ असतं हे खरंच आहे, 2017 चं वैद्यकाचं नोबेल त्याच्याच शोधासाठी मिळालं. मुख्य घड्याळ मेंदूत, ते उजेडावर लागतं. लिव्हर आणि आतड्यांची आपापली घड्याळं आपल्या जेवणाच्या वेळांवरही लागतात. मात्र प्रत्येक अवयवाला दोन तासांची पाळी असते, असं आधुनिक शरीरशास्त्रात कुठे दिसलेलं नाही. जठरातलं आम्ल संध्याकाळनंतर वाढतं, ते मध्यरात्र उलटेपर्यंत चढं राहतं. रात्री जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. झोपेत आपण लाळ फारशी गिळत नाही, त्यामुळे वर आलेलं आम्ल धुऊन जात नाही. दहाला जेवून साडेदहाला आडव्या झालात, की दोनला जाग येणारच. आपले वैद्यही रात्रीचा मधला भाग पित्ताचा मानतात.

तेव्हा बदलायचं आहे ते रात्रीचं जेवण. साडेसातला जेवा. मुलासाठी थांबू नका, ताट झाकून ठेवा आणि तो आला की त्याच्याजवळ बसा. आईने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, ही रीत मला मनापासून खुपते. तिचे परिणाम मी रोज ओपीडीत पाहते. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. रात्री ठेचा आणि तळण नको. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यानेच पुन्हा आम्ल सुटतं, ते बंद करा. उशा वाढवू नका, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून सहा इंच उचला आणि डाव्या कुशीवर झोपा.

सकाळी दहापर्यंत उपाशी राहू नका. चेंगदूत घरोघरी सकाळी 'शीफान' असते, तांदळाची पातळ पेज, सोबत मुरवलेल्या भाज्या. तुम्ही आठला वाटीभर गरम पेज तूप-मीठ घालून घ्या. देव रागावणार नाही. जेवणानंतर शतपावली करा. माझ्या शेजारच्या आज्या सहाला जेवून बागेत फिरायला निघत आणि मलाही ओढून नेत. 'जेवून शंभर पावलं चाला, नव्व्याण्णव वर्षं जगा,' अशी त्यांची म्हण आहे. आकडासुद्धा आपलाच, शंभर! मला फार आनंद झाला होता ते ऐकून.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. घास अडकणं, वजन उतरणं, काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही झालं तर एक दिवसही थांबू नका. आणि चालताना किंवा जिना चढताना छाती भरून आली, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ते पित्त समजू नका. तडक दवाखाना गाठून ईसीजी काढा.

प्रश्न : मी 29 वर्षांचा. चाकणला कंपनीत रात्रपाळी करतो. सकाळी 7 ते 9 जठराची वेळ म्हणून घरी आल्यावर पोटभर जेवून झोपावं का? सध्या पोट सारखं फुगतं.

उत्तर : नको. ते चक्र सूर्याबरोबर उठणाऱ्या माणसासाठी आहे, आणि पोटभर खाऊन झोप तर त्यातही सांगितलेली नाही. मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी घरीच करा. मध्यरात्रीनंतर शरीर साखर नीट हाताळत नाही, म्हणून कॅन्टीनमधला वडापाव आणि पहाटे तीनचा गोड चहा सोडा. भूक लागली तर मूठभर फुटाणे किंवा ताक घ्या. घरी आल्यावर थोडं हलकं खाऊन, जाड पडदे ओढून झोपा. सुट्टीच्या दिवशीही जेवणाच्या वेळा शक्य तितक्या त्याच ठेवा. दर आठवड्याला पाळी बदलत असेल तर सुपरवायझरशी बोलून निदान दोन-तीन आठवडे एकच पाळी मागून बघा. महिन्याने पोट कसं आहे ते मला कळवा.