डीसी कॉमिक्सच्या क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स या सिरीजमध्ये सगळ्या समांतर पृथ्व्या एक केल्या, तरी डोना ट्रॉयच्या (वंडर गर्लच्या) कथेचा घोळ कसा काय झाला?

घोळ क्रायसिसच्या त्या 12 अंकांत नाही भाऊ, 1987 मध्ये वंडर वुमन पहिल्यापासून सुरू केली तिथं झाला. क्रायसिसच्या शेवटी मातीतून घडवलेली वंडर वुमन परत खरोखरची माती होते अन् नव्या सिरीजमध्ये ती जगात आत्ताच आली म्हणे, पण जुन्या कथेत तिनंच बारक्या डोनाले आगीतून उचलून आणलं होतं आणि डोना तर कधीची टीन टायटन्स या तरुण सुपरहिरोंच्या टीममध्ये आहे, मग तिले आणलं कोणं? सातबाऱ्यावर वारस आधी चढला, मालक नंतर, असा फेरफार झाला राजा. पुढं टायटन्स ऑफ मिथनं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या टायटन देवांनी, तिले वाढवलं अशी नवी कथा जोडली, मले ते ठिगळच वाटते. दोन्ही सिरीज वाचूनच सांगतो. फक्त क्रायसिस वाचायचं असन तर याची काही अडचण येत नाही.