लष्करी तळाचा पुनर्विकास: लोकांना नकाशाच्या आधी बोलवा

प्रश्न असा आहे: शहराला लागून असलेला तळ लष्कराने सोडलाय, आराखड्याचं काम तुमच्या समितीकडे आलंय, आणि पहिली जाहीर सभा कधी व कशी घ्यायची हे ठरत नाहीये. सल्लागाराचं म्हणणं, आधी आराखडा होऊ द्या, मग हरकती-सूचना मागवू. हे मान्य करू नका.

खरा निर्णय रंगीत नकाशात नसतोच. तो तळावरच्या इंधन-रसायनांनी दूषित झालेली माती किती स्वच्छ करायची यात असतो. घरं किंवा शाळा होणार असेल तर सफाईचे निकष कडक, गोदामं होणार असतील तर सैल. ‘इथे गोदामंच’ असं गृहीत धरून एकदा सफाई उरकली, की पुढे तिथे घरं हवीत म्हणणाऱ्याच्या माथी फरकाचा खर्च येतो. शिवाय विहीर खोदायची नाही, राहती घरं बांधायची नाहीत अशी बंधनं जमिनीच्या कागदपत्रांवर चढतात आणि ती उतरवणं महाकठीण. त्यामुळे लोकांचं मत या टप्प्यावर हवं.

सभेच्या आधी चार कागद मिळवा: माती व भूजल तपासणीचे अहवाल, इमारतींची यादी (अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग कुठे आहे त्यासह), पाणी-वीज-गटारांचे नकाशे, आणि जमीन हस्तांतराच्या अटी. यांचं दोन पानी सोपं टिपण तयार करून किमान तीन आठवडे आधी वाटा. अहवाल समजावून सांगायला स्वतंत्र तज्ज्ञ नेमा. तो सफाईच्या ठेकेदाराचा माणूस नको, नाहीतर त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. अमेरिकेत अशा तळांवरच्या सफाई सल्लागार मंडळांना दोन अध्यक्ष असतात, एक लष्कराचा आणि एक नागरिक सदस्यांनी निवडलेला. ही रचना जरूर उचला.

सगळ्यात दुर्लक्षित माहिती असते तळावर काम केलेल्या जुन्या मंडळींकडे. फिटर, ड्रायव्हर, अग्निशमन दलाचे निवृत्त कर्मचारी यांना तळाचा मोठा नकाशा आणि स्केचपेन देऊन बसवा. पिंपं कुठे पुरली, डिझेलची टाकी कुठे होती, आग विझवण्याचा सराव कुठल्या खड्ड्यात चालायचा, हे खुणा करून घ्या. तो खड्डा विशेष महत्त्वाचा. तिथे आग विझवायला वापरलेल्या फेसात पीएफएएस ही फ्लोरिनयुक्त, मानवनिर्मित रसायनं असू शकतात. ती सहजी विघटित होत नाहीत आणि भूजलातून कुंपणाबाहेर पोचतात. म्हणून कुंपणाबाहेरचे विहीरवालेही पहिल्या दिवसापासून निमंत्रित हवेत.

आता बैठक. व्यासपीठ आणि माईक ठेवलात तर पाच माणसं बोलतील, बाकीची ऐकून घरी जातील. आठ-आठ जणांची टेबलं लावा, प्रत्येकावर एक सूत्रधार आणि एक टिपणं घेणारा. १:१००० प्रमाणाचा नकाशा पसरा. या प्रमाणात एक हेक्टर म्हणजे बरोबर १० सेंमी बाय १० सेंमीचा चौकोन. घरं, उद्योग, मैदान, शाळा असे रंगीत पुठ्ठ्याचे चौकोन कापा आणि मागे किती घरं, किती रोजगार, रस्ते-गटारांचा अंदाजे खर्च किती ते लिहा. प्रदूषित पट्टे लाल ट्रेसिंग पेपरने झाका. घरांचा किमान आकडा प्रत्येक टेबलाला बंधनकारक ठेवा. ही अट नसेल तर सगळीकडे बागाच उगवतात, आणि मग ‘लोकांना व्यवहार कळत नाही’ म्हणत अख्खा सराव बासनात जातो. लाल पट्ट्यावर कुणी घराचा चौकोन ठेवू लागला की तज्ज्ञाने तिथेच थांबून सांगावं: इथे घर हवं असेल तर माती किती खोल काढावी लागेल, किती वर्षं जातील. सहभागाचं खरं काम त्या पाच मिनिटांत होतं.

नंतर प्रत्येक सूचनेला क्रमांक, निर्णय आणि कारण असा तक्ता चार आठवड्यांत जाहीर करा. नाकारलेल्या सूचनेचं कारण लिहिलंच पाहिजे. नुसत्या ‘नोंद घेतली’ने माणसं कायमची तुटतात.

उत्तर आधी ठरवण्याची किंमत कॅलिफोर्नियातल्या एल टोरो हवाईतळावर दिसली. तिथे विमानतळ करावा का, यावर १९९४ ते २००२ मध्ये चार वेळा मतदान झालं. पहिला कौल विमानतळाच्या बाजूने होता, शेवटचा उद्यान आणि मोकळ्या जागेच्या. तळ १९९९ मध्ये बंद झाला, तोवर वाद मिटलाच नव्हता.

उलट जर्मनीत फ्रायबुर्गमधल्या वॉबान बराकी १९९२ मध्ये फ्रेंच सैन्याने सोडल्या. सुमारे ४० हेक्टर जागा. तिथे नगरपालिकेने सहभागाचं काम फोरम वॉबान या नागरिकांच्या संस्थेकडे सोपवलं, वस्ती टप्प्याटप्प्याने उभी केली आणि कुटुंबांच्या गटांना भूखंड दिले. पहिल्या टप्प्यात शिकलेलं दुसऱ्यात वापरता आलं. तुम्हीही सगळा तळ एकाच आराखड्यात बांधून टाकू नका.

दरम्यान रिकाम्या इमारतींकडे लक्ष ठेवा. पाणी-वीज तोडली, छपरं गळू लागली की दोन-तीन वर्षांत चांगली बराकसुद्धा पाडण्याच्या लायकीची होते. तपासणीत सुरक्षित ठरलेल्या दोन-चार इमारती तात्पुरत्या वापराला द्या, पण करारात संपण्याची तारीख ठळक लिहा. नाहीतर तात्पुरता भाडेकरूच पुढे आराखड्यातला सर्वांत मोठा हरकतदार होतो.