६० क्रमांकाचा लोको डीडीए४०एक्स नाही, तो अल्को सी-८५५ आहे

अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या ६० क्रमांकाच्या लोकोचे जुने छायाचित्र दाखवून, हा ईएमडी कंपनीचा डीडीए४०एक्स आहे का आणि याच्याविषयी माहिती इतकी कमी का मिळते, असे आपण विचारले आहे. हा डीडीए४०एक्स नाही. हा अल्को या अमेरिकी कंपनीचा सेंच्युरी ८५५ म्हणजे सी-८५५ आहे, आणि या मॉडेलचे फक्त तीन लोको बांधले गेले : ६०, ६१ आणि कॅब म्हणजे चालकाची खोली नसलेला ६०बी. छायाचित्र कृपया जपून ठेवा.

ओळख पटवायची तर नजर चाकांकडे न्यावी. डीडीए४०एक्सला चार-चार ॲक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) दोन बोग्या, म्हणजे खालचे चाकांचे गाडे, असतात. आपल्या छायाचित्रात मात्र दोन-दोन ॲक्सलच्या चार बोग्या स्पष्ट मोजता येतात. यांतील दोन-दोन बोग्यांच्या प्रत्येक जोडीवर एक भक्कम तुळई असते आणि लोकोचा सांगाडा त्या तुळईच्या मध्यावर टेकलेला असतो, त्यामुळे सुमारे ८६ फूट लांबीचा हा लोको वळणावरून जाताना प्रत्येक बोगी आपापली वळू शकते. जनरल इलेक्ट्रिकच्या यू५० ची रचनाही अशीच आहे, परंतु तिचा चेहरा उंच आणि सपाट आहे, तर सी-८५५ च्या कॅबपुढे बुटके नाक आहे. नावातला ८ म्हणजे लोकोला ओढणारे आठ ॲक्सल आणि ५५ म्हणजे ५५०० अश्वशक्ती.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युनियन पॅसिफिकला लांब मालगाड्यांसाठी चार-पाच लोको एकामागे एक जोडण्याऐवजी थोडे पण दांडगे लोको हवे होते. ईएमडीने डीडी३५, जनरल इलेक्ट्रिकने यू५० आणि अल्कोने १९६४ मध्ये सी-८५५ दिला. तिघांनीही एकाच सांगाड्यावर दोन डिझेल इंजिने बसवली, आणि अश्वशक्तीत अल्को इतर दोघांच्या पुढे होती. ६०, ६०बी आणि ६१ एकत्र जोडले की १६,५०० अश्वशक्ती होत असे.

आता मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटणारी गोष्ट सांगतो. सी-८५५ मधली दोन्ही इंजिने अल्कोच्या २५१ घराण्यातली, सोळा सिलिंडरची, प्रत्येकी २७५० अश्वशक्तीची होती. आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या लोकोमध्येही याच घराण्यातले सोळा सिलिंडरचे, २६०० अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि वाराणसीच्या कारखान्यातला पहिला लोकोही १९६४ सालचाच. पुणे-मिरज मार्गावर शिंदवणे घाट चढणाऱ्या गाडीच्या पुढे तो जड, तुटक ठेका आणि नॉच म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी वाढवताच उसळणारा काळा धूर ज्यांनी अनुभवला आहे, त्यांनी सी-८५५ चा निम्मा आवाज ऐकलाच आहे, असे मी म्हणेन.

म्हणूनच, दोष मूळ इंजिनाचा होता असे मला वाटत नाही, कारण हेच घराणे भारतात अनेक दशके राबले. अडचण दोन इंजिने एकत्र बांधण्यात होती. दोन स्वतंत्र लोकोंपैकी एक बिघडला तर दुसरा कामावर जातो. इथे एका इंजिनाच्या दुरुस्तीसाठी दुसरे धडधाकट इंजिनही शेडमध्ये अडकून पडते. त्यात केवळ तीनच लोको असले की सुटे भाग आणि त्यांचा सराव असलेले कारागीर या दोहोंची चणचण भासणारच. युनियन पॅसिफिकने सी-८५५ ची पुढची मागणी अल्कोकडे नोंदवली नाही. दोन इंजिनांची कल्पना ईएमडीने मात्र १९६९ ते १९७१ मध्ये ४७ डीडीए४०एक्स बांधून पुढे नेली, आणि त्याच १९६९ मध्ये अल्कोने स्केनेक्टडी येथील लोको बांधणी थांबवली. तिन्ही सी-८५५ १९७२ मध्ये भंगारात निघाले. एकही जतन झाला नाही.

छायाचित्रात ६० च्या मागे जो खिडक्या नसलेला लांब डबा दिसतो आहे, त्याच्या बाजूवरचा क्रमांक भिंगाखाली पाहून कळवावे. तो ६०बी असेल, तर तीनपैकी दोन लोको आपल्याकडे एकाच चौकटीत आहेत.