आधी टेप लाव, मग विचार

पावस, आषाढ

चि. बायस अनेक आशीर्वाद,

तुझे तिन्ही व्हिडिओ पाहिले. एकात कल्टार, ते मोहोरासाठी कलमाच्या मुळाशी ओतायचं औषध, म्हणजे विष, दुसऱ्यात दरवर्षी हापूस लगडायची हमी, तिसरा गूळ-गोमूत्रावर भागवतोय. खाली तुझा प्रश्न, ‘काका, यातलं खरं कुठलं?’ मी वेगळंच विचारतो. यातला एक तरी तू शोधलास, की आपोआप समोर आला?

परवा तुझा भाऊ येऊन गेला. त्याच्या फोनवर सगळे दुप्पट मोहोरवाले. घर एक, बाग एक, पडवीतलं वायफाय एक, तरी त्याला एक दिसतं नि तुला भलतंच. तू विषवाल्यापाशी घटकाभर थांबलीस, म्हणून तसले आणखी दहा आले. तू बघत राहावीस एवढंच त्या यंत्राला कळतं. कलमं जगोत की मरोत.

जुन्याचे गोडवे मी गाणार नाही. तुडतुड्यांनी मोहोर काळा केला की विचारायला दापोलीचं कृषी विद्यापीठ गाठायचं, एस्टीत जाऊन-येऊन दोन दिवस मोडायचे. आज त्याच कृषी विद्यापीठाची शिफारस पडवीत बसून मिळते. पण विचारावं लागतं, बाय. आपण होऊन विचारावं लागतं!

2016 ला फुकट डेटा आला आणि मीही बिघडलो. रात्री जेवून पडलो असताना एक व्हिडिओ आपसूक लागला. माणूस गोड बोलणारा, कल्टारची मात्रा सांगितली ती भरघोस. बाग कुठली, माती कुठली, मी विचारलंच नाही. अकरा कलमांना ओतलं. पुढे दोन वर्षं पालवी अशी आखडली की पानांचे नुसते झुबके. दोष औषधाचा नव्हता, मात्रेचा होता. त्यातलं एक कलम बाबांच्या हातचं. तुझी काकू तेव्हा एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

आता मी शिफारस स्वतः हुडकतो: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला दर मीटरमागे 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. मग टेप घेऊन झाडाखाली. पूर्व-पश्चिम 6 मीटर, दक्षिणोत्तर 5, सरासरी साडेपाच. म्हणजे साडेसोळा मिली. वहीत टिपून ठेवतो. वाडीतले हसतात, ‘काका कलमांना कपडे शिवतायत.’ हसू देत. वादळाचा इशारासुद्धा मी ग्रुपवरचा घेत नाही, हवामान खात्याच्या पानावर स्वतः जातो. काकू म्हणते, एका चुकीपायी मी गावाला शहाणपण शिकवत सुटलोय. असेन. अकरा कलमं माझी बिघडली होती, तिला बोलायला काय!

आणि ‘काका सांगतात म्हणून’ असंही नको. माझा आकडासुद्धा पडताळून बघ. तेवढं तरी शोध.

रविवारी टेप घेऊन येतो. तोवर बाटलीचं बूच उघडू नकोस, आणि भावाला थांबव. तो आजच ओतायच्या गोष्टी करत होता.

तुझा काका