न गेल्याचा पश्चात्ताप की रुखरुख?

प्रश्न असा आला आहे: “आजारी आत्याला भेटायला जाऊ की नको, असं तळ्यात-मळ्यात करत राहिलो आणि आत्या गेली. आता पश्चात्ताप होतो. मित्र म्हणतो, पश्चात्ताप केलेल्या गोष्टीचा होतो, न केलेल्याचा नाही. बरोबर कोण?”

मित्र अर्धा बरोबर आहे. आधी लेखन: पश्चात् + ताप, म्हणून त ला त जोडायचा. ‘पश्चाताप’ चूक. (‘पश्चातबुद्धी’ मात्र मराठीत सर्रास चालते, संस्कृत संधीचा हट्ट धरला तर ती ‘पश्चाद्बुद्धी’ होईल. तेवढा हट्ट मी धरत नाही.)

न केलेल्या गोष्टीचाही पश्चात्ताप होतो. ‘वेळीच माफी न मागितल्याचा पश्चात्ताप’ कुणाच्या कानाला खटकणार नाही. कारण न मागणं हाही तिथे निर्णयच होता. पश्चात्तापाला करणं लागतं असं नाही, ठरवणं लागतं. म्हणून तर ‘पश्चात्ताप कर’ असं दुसऱ्याला बजावता येतं. ‘रुखरुख कर’ म्हणून पाहा! रुखरुख लागते, चुटपुट लागते. ती आपण करत नाही. आणि पश्चात्ताप स्वतःच्याच वागण्याचा. अपघाताच्या बातमीत ‘गावात हळहळ व्यक्त होत आहे’ असतं. तिथे पश्चात्ताप लिहिला, तर अख्खं गाव आरोपी होईल.

या घरगुती शब्दांतही वजनं वेगळी आहेत. चुटपुट हलकी: पाहुणे निघून गेले आणि डब्यातले लाडू द्यायचे राहिले. रुखरुख तीच, पण मुक्कामाला आलेली. खंत त्याहून जुनी नि शांत, ‘शिकायचं राहिलं’ ही आजीची खंत. हुरहुर या रांगेत बसवू नका. ती पुढचं काही येण्याआधी किंवा कुणी दूर जाताना लागते, तिच्यात चुकल्याची भावना नसते.

कुणी म्हणेल, इथे ‘बैल गेला नि झोपा केला’ बसेल. ती म्हण उशिरा केलेल्या उपायाला हसते. तिच्यातला झोपा म्हणजे गोठ्याचं दार, झोपेशी त्याचा संबंध नाही. गुजरातीत झांपो म्हणजे फाटक. आत्या गेल्यावर तुम्ही गाडीचं तिकीट काढलं असतं, तर म्हण लागू पडली असती.

तुमच्या वाक्यात सगळी मेख ‘तळ्यात-मळ्यात’मध्ये आहे. तुम्ही ‘जायचं नाही’ असं ठरवलं नव्हतं, ठरवायचंच राहून गेलं. म्हणून मी तिथे रुखरुख लिहीन: ‘आत्याला भेटायचं राहिलं, याची रुखरुख लागून राहिली आहे.’ पण मनात कुठेतरी ‘नकोच’ ठरलं होतं आणि तळ्यात-मळ्यात नुसतं दाखवायला होतं, असं असेल तर तुमचाच शब्द ठेवा. ते मित्राला कळणार नाही, मलाही नाही.