व्हिडिओत न आलेलं

"ताई, आम्हालाही शाळेत चिडवायचे. मला 'बटाट्या' म्हणायचे. मी काय जेवण सोडलं?" वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले एक वडील समुपदेशनाला आले होते, मला विचारत होते. शेजारी त्यांची नववीतली लेक. फोन टेबलावर पालथा. तो थरथरला की तिच्या पायाची बोटं आखडायची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरात्रात गरबा खेळताना ती पडली. कुणीतरी व्हिडिओ काढला, वर्गाच्या ग्रुपवर त्याचं स्टिकर झालं. दिवाळी उलटली तरी तिने काही लिहिलं की खाली तेच स्टिकर.

वडिलांसारखा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. चारचौघांत लाज काढणं जुनंच आहे. हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) या कादंबरीत हेस्टरच्या छातीवर लाल अक्षर लावून तिला भर बाजारात चौथऱ्यावर तीन तास उभं करतात. पुढे कितीतरी वर्षं ते अक्षर ती वागवते. भयंकरच. पण समोर कोण उभं आहे, ते तिला दिसत होतं.

"तुम्हाला चिडवणारे किती होते?"

"चार-पाच."

"आणि शाळा सुटल्यावर?"

"घरी यायचो की. घरी आई..." ते थांबले. लेकीकडे बघत राहिले. तिची शाळा रात्री अकराला, पांघरुणातही सुटत नव्हती.

"मग मोबाइल काढूनच घेतो." नको. पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही. आधी स्क्रीनशॉट जपले, मग ग्रुप म्यूट केला, आणि तिला विचारूनच वर्गशिक्षिकांना भेटलो. मूल जेवेनासं, झोपेनासं झालं किंवा 'जगायचं नाही' म्हणालं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

पुढच्या वेळी आजीही आल्या. त्यांना हरिभाऊ आपट्यांची यमू आठवली होती. तिची कादंबरी 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. विधवा यमूचं बळजबरीने केशवपन करतात. "पण तिची गोष्ट तीच सांगते गं," आजी नातीला म्हणाल्या. मला हे सुचलं नव्हतं. मी वही पुढे केली.

बराच वेळ ती पेनाचं टोपण काढत-लावत होती. मग लिहिलं: "मी पडले. लगेच उठले आणि पुन्हा फेर धरला. ते व्हिडिओत नाही."