‘असणारच’मधला ‘च’

प्रश्न : ताई, बेन्नू लघुग्रहाच्या मातीत जीवनाचे घटक सापडले असं वाचलं. बाबा म्हणतात, म्हणजे पृथ्वीबाहेर जीव असणारच. खरं का?
– अकरावीतली विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : बाबांचा आनंद मला कळतो. बातमी वाचली त्या रात्री मलाही झोप लागली नव्हती. पण ‘असणारच’मधला ‘च’ तेवढा काढायला सांग.

ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नूवरची १२१.६ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ला युटाच्या वाळवंटात उतरवली. २०२५च्या जानेवारीत निष्कर्ष आले : आपली प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यातली १४ तिथे आहेत, शिवाय डीएनए-आरएनएचे पाचही बेस, म्हणजे आनुवंशिक माहिती ज्यांनी लिहिली जाते ती अक्षरं. सामान आहे, स्वयंपाक झालेला नाही.

कशावरून? एक प्रयोग कर. पुदिन्याची जुडी आण, दोन पानं चुरड आणि वास घे. मग बाळंतशोपेचे चार दाणे खलबत्त्यात चेचून हुंग. किती वेगळे वास! पण दोन्हींमागचा मुख्य रेणू एकच, कार्व्होन. तेच अणू, तीच जोडणी, फक्त एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा, डाव्या-उजव्या हातांसारखी. परळच्या कॉलेजात मी वर्षानुवर्षं हे दाणे रुमालात बांधून न्यायचे. वर्गात एकदम शांतता व्हायची. आपल्या नाकातली प्रथिनंही एकाच हाताच्या आम्लांची बनलेली आहेत, म्हणून तर त्यांना हा फरक कळतो.

अमिनो आम्लांचंही तसंच, डावी आणि उजवी. देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो, त्यात डाव्या-उजव्या सारख्याच. एखाद्या ढिगात नुसत्या डाव्याच दिसल्या, तर कुणीतरी निवडून ठेवल्यात हे उघड आहे. सजीवांची प्रथिनं म्हणजे असा डाव्यांचा ढीग. बेन्नूवर मात्र दोन्ही जवळपास निम्मी-निम्मी निघाली. तिथे रसायनशास्त्र होतं, निवडणारं कुणी नव्हतं.

१९६९मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या अशनीत काही आम्लांमध्ये डावी थोडी जास्त होती. तेव्हापासून अनेकांना वाटायचं की हा डावेपणा आकाशातूनच आला असेल. बेन्नूने त्या समजाला धक्का दिलाय. मग पृथ्वीवर डावी बाजू कशी जिंकली? मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच, आणि तो तुझ्या पिढीकडे मी अगदी मनापासून सोपवते आहे.

युरोपची रोझलिंड फ्रँकलिन रोव्हर २०२८मध्ये मंगळाकडे निघायची आहे. ती दोन मीटर खोल भोक पाडेल, आणि तिच्यावरचं एक उपकरण डावे-उजवे रेणू वेगळे ओळखू शकतं. तिथे डाव्यांचाच किंवा उजव्यांचाच ढीग निघाला, तर बाबांचा ‘च’ मी परत देईन. मात्र तो ढीग पृथ्वीवरूनच रोव्हरला चिकटून गेलेला नाही ना, हे आधी तपासून.